दोन हजार चारशे किलोंच्या आत

बाबांच्या तोंडून सरळ 'हो' मी उभ्या आयुष्यात क्वचितच ऐकलं आहे. आई होती तोवर त्यांच्या वतीने तीच 'हो' म्हणून टाकायची आणि बाबा मग गुपचूप चपला घालून दारात उभे राहायचे. आई गेल्यावर ती सोय राहिली नाही. त्यामुळे मी जुनी फोर बाय फोर जीप विकत घेतली आणि "बाबा, डिसेंबरात आपण दोघं जायचं. कच्छचं रण, मग थरचं वाळवंट. सव्वीस दिवस, तंबूत राहायचं," असं एका दमात सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी चहाचा कप शांतपणे बशीत ठेवला आणि म्हणाले, "आधी गाडी तर होऊ दे."

हे 'हो' नव्हतं, 'नाही'ही नव्हतं. मी सोयीने ते 'हो' धरलं. मी तापट आहे आणि हट्टीही आहे. हे दोन्ही गुण कुठून आले ते सांगायला नको.

त्याआधी दीड वर्ष बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना सगळंच सौम्य वाटतं. डावा पाय किंचित ओढला जायचा आणि डाव्या हाताची पकड गेली होती. कप धरता यायचा, पण भरलेला नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस. ज्या हातांनी केसाच्या जाडीएवढा फरक ओळखला, त्यातला एक हात आता शर्टाचं बटण लावताना दहा मिनिटं घ्यायचा. बाबांनी बाहेर जाणंच सोडलं. चालता येत नव्हतं म्हणून नाही. रिक्षात चढायला वेळ लागतो आणि मागचे लोक थांबून बघतात, म्हणून. खिडकीजवळची खुर्ची, टीव्ही, जेवण, परत खुर्ची. मी सकाळी हिंजवडीला जायची, संध्याकाळी त्या ट्रॅफिकमधून सुटून घरी यायची, तेव्हा ते त्याच खुर्चीत, त्याच कोनात असायचे. लग्न मी केलं नाही, तेव्हा घरात आम्ही दोघंच. मला वाळवंट बघायचं होतं हे खरं. पण त्याहून जास्त मला बाबांना त्या खुर्चीतून उठवायचं होतं, आणि ते नुसतं पार्किंगपर्यंत नाही.

गाडीने निदान तेवढं तरी केलं. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जीप येऊन उभी राहिली आणि चौथ्या दिवशी बाबा जिन्याच्या कठड्याला धरून खाली उतरले. खिशात मोजपट्टी, कानावर पेन्सिल. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "हे असलं सामान तू दोरीने बांधून नेणार होतीस?"

मी तसंच नेणार होते. पण ते कबूल केलं नाही.

मग आमच्या घरात एक वही आली. रेघांची, दोनशे पानी. तिच्यात प्रत्येक वस्तू, तिचं माप आणि तिचं वजन. पाण्याचे तीन कॅन, डिझेलचे दोन, जादा चाक, दुसरी बॅटरी, टपावरचा कॅरिअर, वाळूत रुतलं तर चाकाखाली घालायच्या पाट्या, फावडं, स्टोव्ह, तंबू, रजया. रविवारी मी सामान आणायची आणि बाबा ते वजनकाट्यावर ठेवून वहीत उतरवायचे. एकदा तर मलाही काट्यावर उभं केलं. "विम्याच्या फॉर्मवर लागतं," म्हणाले. चौसष्ट किलो. मी विचारात पडले नाही. माझ्या वयाच्या बाईला वजन विचारलं की ती फक्त विषय बदलते.

मागच्या भागात सामानासाठी खणांची पेटी करायची ठरली आणि बाबा खरे जागे झाले. ड्रॉइंग काढायला चार संध्याकाळी गेल्या. डाव्या हाताऐवजी वजन म्हणून आईचा खलबत्ता ठेवायचे, कागद हलू नये म्हणून. आणि मग माझ्या छोट्या कारने भवानी पेठेत एका फॅब्रिकेटरकडे जाणं-येणं सुरू झालं. त्यांना सगळी पेठ चाचा म्हणायची. तीन पिढ्यांचं लोखंडाचं काम, बाबांची त्यांची ओळख कारखान्याच्या दिवसांपासूनची. ड्रॉइंग बघून चाचांनी चष्मा वर केला.

"साहेब, तीन मिलीमीटरचा पत्रा? ह्यात काय तोफ ठेवणार आहात का?"

"तुम्ही वेल्डिंग करा," बाबा म्हणाले. "तोफेचं मी बघतो."

चाचा हसले. मीही हसले. टूलरूमच्या माणसाला सगळं जग म्हणजे मशीनवर पक्का बसवायचा जॉब वाटतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या देवघराला सहा बोल्ट आहेत. त्यामुळे पेटी आली, चौदा बोल्टनी गाडीत पक्की बसली, तिचे खण एका बोटाने सरकायला लागले आणि बंद केल्यावर आवाजही करेनात, तेव्हा मी फक्त बाबांच्या तोंडाकडे बघत होते. झटक्यानंतर मी तो चेहरा पाहिला नव्हता. रात्री जेवताना त्यांनी स्वतःहून दुसऱ्यांदा भात मागितला. मला वाटलं, जिंकलं. आता डिसेंबर.

सगळं भरून मी एका रविवारी गाडी कात्रजच्या घाटात नेली, नुसती बघायला. बाबा घरीच थांबले. चढावर गाडी कुरकुरत होती ते ठीक, पण उतारावर ब्रेक लागायला वेळ लागला, आणि एका खड्ड्यात मागची बाजू अशी आपटली की माझी जीभ चावली गेली. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "काट्यावर घे." म्हणजे वजन करून बघ. गाडीच्या कागदांवर सगळं धरून दोन हजार चारशे किलोंची मर्यादा लिहिलेली होती.

पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर गेलो. मी फारच आग्रह केला म्हणून बाबा बरोबर आले. चढताना त्यांनी माझा हात झटकला आणि दाराच्या पुढच्या खांबाला असलेलं हँडल डाव्या हाताने धरायचा प्रयत्न केला, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी सीट धरून कसेबसे बसले. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून मोबाईल बघत असल्याचं नाटक केलं. असल्या नाटकात मी आता तरबेज आहे.

काट्यावर आमच्या पुढे कांद्याचा ट्रक, मागे लसणाचा टेम्पो. मधे आमची जीप, टपावर फावडं घेऊन. एक म्हातारे हमाल पाठीवरचं पोतं उतरवून बघत उभे राहिले.

"ताई, गाडी पार मागं बसलीया," ते म्हणाले. "काय भरलंय एवढं?"

"खण," मी म्हटलं.

"खणात काय हाय?"

"खणच जड आहेत, काका."

त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी यार्डाच्या कमानीकडे पाहिलं. खिडकीतल्या माणसाने माणसांना उतरायला सांगितलं. आम्ही उतरलो. आकडा आला, दोन हजार तीनशे तीस.

"बसतंय की!" मी जवळजवळ ओरडले.

बाबांनी खिशातून वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्या हातात दिली. गाडी धरून सगळ्या वस्तूंची बेरीज तिथे होती, दोन हजार तीनशे अठ्ठावीस. काट्यात आणि बाबांच्या पेन्सिलीत दोन किलोंचा फरक. त्याखाली लिहिलं होतं, 'चालक – ६४'. आणि त्याखाली रेघ मारून, 'एकूण – २३९२. ठीक.'

मी पुढच्या ओळी शोधल्या. त्याखाली पान कोरं होतं.

"तुमचं वजन?" मी विचारलं.

"अडुसष्ट."

"ते कुठाय?"

"ते धरलं तर बसत नाही," बाबा म्हणाले. हवामान सांगावं तसं.

बेरीज मला तोंडीही येत होती. दोघांचं धरलं तर गाडी साठ-बासष्ट किलो जास्त होत होती. माझ्या एकटीचं धरलं तर आठ किलो शिल्लक. म्हणजे चूक नव्हती. चार महिने हा माणूस रोज सकाळी पार्किंगमध्ये उतरत होता, मापं घेत होता, भवानी पेठेच्या चकरा मारत होता, आणि पहिल्या दिवसापासून सगळी गाडी एकाच माणसासाठी बांधत होता. मी ज्याला 'हो' समजून नाचत होते, ते चौदा बोल्टनी आवळलेलं 'नाही' होतं.

"मग पत्रा पातळ का नाही घेतलात? अर्ध्या वजनात झालं असतं!"

"तू एकटी असणार," बाबा म्हणाले. "कुठे गाडी कलंडली, तर मागचं सामान सुटून डोक्यात यायला नको. म्हणून तीन मिलीमीटर."

मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. मी त्याच्याकडे वळून अशी काही ओरडले की तो हॉर्न सोडून गाडीतून खालीच उतरला, आणि हमाल काकांनी त्याला हाताने थांबवलं. बाबांना गाडीत बसायला परत तेवढाच वेळ लागला. या वेळी मी नाटक केलं नाही. उभी राहून बघत राहिले आणि माझे डोळे भरून आले. राग आला होता म्हणून, आणि त्यांनी माझा एवढा विचार केला होता म्हणूनही.  

दुपारी मी जेवतानाच विषय काढला.

"पेटी काढतेय मी उद्या."

"पेटी राहू दे. मी राहतो."

"वाळवंटात संध्याकाळी कुणाशी बोलू? पेटीशी?"

"पेटी उलट उत्तर तरी देत नाही."

"बाबा, तुम्ही येत नसाल तर मी जात नाही. गाडी विकून टाकते. भंगारात देते, पेटीसकट."

"अगं, कळत कसं नाही तुला?" आता त्यांचा आवाज चढला. "मला गाडीत चढायला पाच मिनिटं लागतात. रात्री उठायला लागलं तर तंबूची चेन उघडत नाही एका हाताने. तू गाडी सांभाळशील, रस्ता बघशील, का मला? सामानात काही जास्त झालं तर पहिलं काय उतरवायचं हे कुणालाही कळतं."

हे त्यांनी मनाशी इतक्यांदा म्हटलेलं असणार, की एका श्वासात म्हणता आलं. मी एवढंच बोलले, "मला कळत नाही. मी कॉम्प्युटरवाली आहे." आणि ताट उचलून आत गेले.

सकाळी मी खरंच पाना घेऊन पार्किंगमध्ये उतरले. पेटीचे बोल्ट गाडीच्या तळातून आरपार होते. वरून नट फिरवला की खालून बोल्टही फिरायचा. खाली कुणीतरी दुसरा पाना लावून धरल्याशिवाय एकही सुटणं शक्य नव्हतं. मी अर्धा तास एकटीने झटापट केली, एक नख मोडलं, वॉचमनसमोर एक शिवी दिली. मग वर बघितलं तर बाबा खिडकीत होते. खुर्चीत नाही, उभे.

ते खाली यायला बराच वेळ लागला. आले, काखेत जुनी चटई होती. त्यांनी ती गाडीच्या मागे अंथरली, उजव्या हातावर भार देत हळूहळू आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. मला वाटलं मदत करावी. हात मागेच ठेवले.

"पहिला," खालून आवाज आला. "मी धरलाय. तू फिरव."

चौदा बोल्ट. प्रत्येक बोल्टला मी वरून फिरवत होते आणि बाबा खालून धरत होते. काही त्यांनी उजव्या हाताने धरले. पण कोपऱ्यातल्या चार ठिकाणी उजवा हात पोचेना, तिथे डावा लावला. पकड नव्हती म्हणून पान्याचा दांडा गाडीच्या चौकटीला टेकवून अडकवून ठेवला. पाना हलला नाही. स्वतःच्या हातांनी बसवलेली वस्तू ते स्वतःच सोडवत होते, आणि मी ती सोडवायला लावली होती. दहाव्या बोल्टला मला रडू आलं. "काय झालं, झिजला का नट?" खालून विचारणा झाली. मी म्हटलं, "नाही, फिरतोय."

पेटी उचलायला चार माणसं लागली. चाचा टेम्पो घेऊन आले आणि घेऊन गेले. दुकानात हत्यारांना होईल, म्हणाले. तोफेचा उल्लेख त्यांनी केला नाही. फार सभ्य माणूस.

त्यानंतर तीन दिवस बाबा खाली उतरले नाहीत. खुर्ची, टीव्ही, खुर्ची. ऑफिसात माझं लक्ष लागेना. पेटीपायी उठलेला माणूस पेटी काढून मीच परत बसवला, असं मनात येत राहिलं. बरं, पेटी गेली म्हणून बाबा येणार असं थोडंच होतं? त्यांनी तर अजून काहीच कबूल केलं नव्हतं. माझ्या हट्टाने त्यांचं कामही गेलं आणि माझी सोबतही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हिंजवडीहून आले, तर पार्किंगमध्ये मार्केट यार्डातले फळांचे प्लास्टिकचे क्रेट रचून ठेवले होते. बाबांनी रिक्षाने स्वतः जाऊन आणले होते. रिक्षाने! जीपमध्ये पातळ प्लायची फळी, तिच्यावर क्रेट, क्रेटवर आडवे पट्टे, आणि शेजारी माझंच सामान दोन ढिगांत. एक ढीग लहान, एक मोठा.

"हा मोठा ढीग काय?"

"ह्याची गरज नाही."

त्यात माझा बिडाचा तवा होता, दुसरा स्टोव्ह होता, सात पुस्तकं होती, आणि 'असू दे, लागलं तर' म्हणून मी घेतलेल्या असंख्य गोष्टी. तव्यावरून मी भांडले. हरले. वजन आता पुष्कळ आटोक्यात आलं होतं, तरी बाबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर चमचेसुद्धा मोजत होते. वहीच्या त्या शेवटच्या पानावर 'चालक'च्या खाली आता काही लिहिलंय का, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. चोरून बघायचीही झाली नाही.

आठवडाभराने एका सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. पुढच्या डाव्या दाराशी उभे होते. दाराच्या मागच्या खांबाला, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे ॲल्युमिनियमचं एक हँडल बसलं होतं. वर सायकलच्या मुठीचं रबर चढवलेलं, दोन्ही टोकं कानशीने घासून गोल केलेली.  गाडीत चढताना ती बाजू उजव्या हाताला येते.

जवळजवळ दोन वर्षं या माणसाने डाव्या हाताला चाललंच पाहिजे असा हुकूम सोडून ठेवला होता. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने घरात उजव्या बाजूने दांडे बसवून घ्या म्हटलं, तर तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका सांगितलं होतं.

"एकशे नव्वद ग्रॅम," बाबा म्हणाले. मग त्यांनी उजव्या हाताने हँडल धरलं, उजवा पाय टाकला, अंग वर ओढलं आणि बसले. डावा पाय मागाहून आला, त्याला यायचं तेव्हा. दार ओढून घेतलं. सगळं मिळून जेवढा वेळ कुणालाही लागतो, त्याहून थोडा जास्त. मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की हात खिशात घातले.

मी वर येऊन चहा टाकला. बाबा मागून आले, फोनपाशी बसले, चष्मा लावून एक नंबर फिरवला. पेपरवाल्याचा होता. गेल्या खेपेला आमच्याकडचा पेपर बंद झाला, तो बाबा दवाखान्यात होते तेव्हा. तो फोन मी केला होता, आणि किती दिवस ते सांगता येत नाही असं म्हणताना माझा आवाज फुटला होता.

"अहो, एक तारखेपासून महिनाभर पेपर टाकू नका," बाबा म्हणाले. पलीकडून काहीतरी काळजीने विचारलं गेलं असावं.

"नाही हो, दवाखाना नाही. तब्येत उत्तम आहे. मुलगी आणि मी, दोघं फिरायला चाललोय."